जीप बंद होती ते तीन आठवडे

आमची जीप वयानं माझ्यापेक्षा मोठी. लष्कराच्या लिलावातून बाबांनी घेतलेली, पेट्रोलवर चालणारी. आमच्या करडी गावात घर विचारलं तर लोक अजूनही "जीपवाल्याचं का?" असं उलट विचारतात. ती जीप मीच बंद पाडली, आणि मग तीन आठवडे तिच्यासाठी मेकॅनिक शोधत मीच फिरलो.

बाबांना काचबिंदू झाला होता. समोरचं त्यांना लख्ख दिसायचं. पेपर वाचायचे, सुईत दोरा ओवून दाखवायचे. कडेचं मात्र सगळं गेलं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हटलं, तर दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाले, "त्या डॉक्टरले तरी दिसते का?"

रोवण्याचे दिवस होते. भात लावायला निघालेल्या बायका सकाळी रस्त्याच्या कडेनं रांगेनं चालत. एके दिवशी बाबा जीप चालवत होते, मी शेजारी बसलो होतो. जीप डावीकडे सरकत सरकत इतकी कडेला गेली, की गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका बाईनं जीव वाचवायला शेजारच्या भाताच्या बांधीत उडी टाकली, गुडघाभर चिखलात. मी ओरडलो.

"काहून बोंबलते?" बाबा म्हणाले. "रस्ता तर मोकळा आहे."

त्यांना ती दिसलीच नव्हती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाबांना नाही म्हणायची आमच्या घरात रीतच नाही. मी पन्नाशीला टेकलो तरी त्यांच्यासमोर माझी बोबडी वळते. त्या दुपारी ते झोपले तेव्हा मी बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. आत दोन बारके पॉइंट असतात. त्यांची उघडझाप झाली की प्लगला ठिणगी मिळते. त्यांच्या मधोमध दुधाच्या पिशवीचा नखाएवढा तुकडा सरकवला आणि टोपी बसवून टाकली. ठिणगी बंद, जीप बंद. कॉलेजात असताना एका ट्रकवाल्यानं दाखवलेली ही युक्ती असल्या कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

चार दिवस धडपडतील आणि नाद सोडतील, असा माझा हिशेब. कसलं काय! दुसऱ्याच दिवशी माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. "चाल तुमसरले."

तुमसरचा मेकॅनिक आला. वय पंचविशीचं. त्यानं जीपभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "काका, याले स्कॅनर कुठं लावाचं?" नंतर नाकाडोंगरीहून एकाला आणलं. खाणीच्या ट्रकांवर हात बसलेला माणूस, पण त्यानं हे इंजिन कधी उघडलं नव्हतं. "हे काढून डिझेलचं इंजिन बसवून घ्या, नाही तर भंगारात द्या," म्हणाला आणि निघाला. बाबा फाटकापर्यंत त्याच्या मागे गेले. "एकडाव पाहून घे ना, बाप्पा," म्हणत त्यांनी हात जोडले. जन्मात कुणापुढे न वाकलेला माणूस. मला माझीच किळस आली. तरीही मी गप्प बसलो, कारण रोवणं अजून चालू होतं.

मग बाबांना त्यांचा जुना मिस्त्री आठवला. त्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं. पुनर्वसनाच्या तीन वस्त्यांत विचारत विचारत आम्ही त्याला गाठलं. सत्तरी ओलांडलेला, उंबऱ्यावर मासे धरायचं जाळं सांधत बसला होता. बाबांनी त्याला मिठीच मारली.

"ठिणगी येते का?" त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

तो उद्या एसटीनं येणार होता. म्हणजे माझ्या हातात एक संध्याकाळ होती. तुकडा काढला तर बाबा सकाळी जीप घेऊन रस्त्यावर. ठेवला तर मी चोर. मी दोनदा बॉनेटपाशी जाऊन आलो आणि काही न करता परतलो. म्हातारा आहे, विसरला असेल, अशी एक लबाड आशाही होती.

तो काही विसरला नव्हता. आला, चहा नको म्हणाला, सरळ टोपी काढली. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं तुकडा अलगद उचलून उजेडात धरला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"काय निघालं जी?" बाबांनी विचारलं.

"कचरा होता जी," तो म्हणाला आणि तुकडा खिशात टाकला.

एका सेल्फमध्ये इंजिन पेटलं. बाबांचा चेहरा असा फुलला, की मला रडू आलं. चष्मा पुसून ते स्टिअरिंगवर बसले. बाहेर रोवण्याला निघालेल्या बायकांचा आवाज येत होता. आता बोललो नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. मी पुढे झालो, डाव्या मडगार्डला चिकटून उभा राहिलो. बाबांपासून जेमतेम तीन-चार हातांवर.

"अरे, हा पोट्टा कुठं गेला?" बाबा समोर बघत म्हणाले. "बस म्हणा त्याले लवकर."

मिस्त्रीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. बाजूनं आत हात घालून त्यानं किल्ली उलटी फिरवली.

"काहून बंद केली?"

"बाबा, मी इथंच आहो."

त्यांची मान वळायला लागली. हळूहळू, बॉनेटवरून सरकत, मी सापडेपर्यंत. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद तेवढ्या वेळात उतरला.

"कवापासून उभा आहेस?"

"तुमी हाक मारली त्याच्या अगोदरपासून." आणि मग मी सगळं एका दमात ओकलो. तुकडा मी घातला, तीन आठवडे मला ठाऊक होतं.

"मंग मले गावोगाव कायले फिरवलं?" त्यांचा आवाज चढला. "त्या लोकायले हात जोडाले लावले मले! तोंड नोहतं तुले?"

"हिंमत नोहती."

फाटकासमोरून बायका चालल्या होत्या. बाबांनी मान पूर्ण डावीकडे वळवली, मग पूर्ण उजवीकडे, मग परत डावीकडे. बराच वेळ त्यांचं हे चाललं होतं.

"मी कोणाले ठोकलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. थोडक्यात वाचली."

"कोण?"

मी त्या बाईचं नाव सांगितलं. ते खाली उतरले, बॉनेटला हात लावत लावत पलीकडे आले आणि डाव्या सीटवर चढून बसले.

"चालव," म्हणाले. "तिच्या घरी चाल."