सोजरबाईचा जवाब

बहादरपूरच्या सोजरबाईच्या नवऱ्याचं नाव कडू. आधीची लेकरं जगली नाहीत, याला तरी कोणाची नजर लागू नये म्हणून आईनं ठेवलेलं. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तेव्हा सगळ्याच मानत; पण सोजरबाई सगळ्यांच्या वरताण. ती चवीलासुद्धा तो शब्द लावत नसे. तिच्या घरी कारलं ‘उलटं गोड’ असायचं. नवऱ्याला हाक मारायची तर ‘अवो, ऐकलं का?’ एवढीच.

इंग्रजी अमलातली गोष्ट. बालाजीच्या जत्रेला दोघं लेक विमलला घेऊन बैलगाडीनं बऱ्हाणपुरात आली. जरीवाल्यांच्या गल्लीत सोनेरी तार ओढताना पाहिली, विमलनं बांगड्या भरल्या, दराबा खाऊन तोंड गोड झालं, आणि दुपारी तिघं राजघाटावर कलगी-तुऱ्याला बसली. कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष. एकानं गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. कडू कट्टर कलगीवाला, तो तिकडच्या घोळक्यात. सोजरबाईचं माहेर मात्र तुऱ्याचं. बाप गेल्यावर तिचा धाकटा भाऊ उखर्डू बापाचा डफ घेऊन पहिल्यांदाच उभा राहिला होता. हरला तर डफ कलगीवाल्यांचा, अशी पैज होती.

कलगीचा सवाल आला:

“पाच भावांना पाट दिला, सहाव्याला हाकललं,
खाटेवर पडलो तेव्हा सहाव्यानंच राखलं!”

“पाच पांडव अन् सहावा कर्ण!” उखर्डू ठोकून मोकळा झाला.

“कर्णानं कोणाला राखलं रे?” लोक पोट धरून हसले. पंच म्हणाले, “आता एकच जवाब. जल्दी सांग.”

सोजरबाई भावाच्या पुढ्यातच बसली होती. हा सवाल बापानं अंगणात कितीदा गायला होता! भाऊ म्हणजे चवी. गोड, आंबट, खारट, तिखट, तुरट. सहावा, औषधातला, तिच्या जिभेवर येऊन अडला. तिनं भावाकडं बघून तोंड वेडंवाकडं केलं.

“आंबट का, आक्का?” तो पुटपुटला.

“नाही रे! कारलं, कारलं!”

“कारलं भाऊ कसं होईल?” मेला जन्माचा मठ्ठ!

पंचांनी डफाला हात घातला. बापाच्या तळहातानं काळवंडलेलं ते कातडं परक्याच्या हाती जाताना सोजरबाईला बघवेना. ती उठून उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, “कडू!”

“ओ!” पलीकडून कडू ताडकन उठला. “काय झालं वं?”

अख्ख्या राजघाटावर हशा पिकला. पंचांनी हसत जवाब मानला, डफ उखर्डूकडंच राहिला. कलगीवाले कडूच्या अंगावर आले, “तुझ्या नावानंच मात खाल्ली रे आपण!” त्याचं तिकडं लक्षच नव्हतं.

परतताना सोजरबाई तोंडाला पदर लावून रडत होती. “माझ्या बापाच्या डफापायी तुमचं आयुष्य कमी केलं मी.”

कडूनं रस्त्यातच गाडी थांबवली. तो मागं वळला.

“माय गेली तवापासून मला असं पोटातून कोनी बोलावलंच नव्हतं,” तो म्हणाला. “एकडाव अजून म्हन.”

सोजरबाईनं आधी विमल झोपली का ते पाहिलं. मग म्हटलं.