आबांच्या वाट्याची सांजोरी

माझी आई मोठ्याने बोलायची, आणि त्याला कारण होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खानदेशातून सुरतेत आल्यापासून उभा जन्म कापडाचे लूम चालवण्यात घालवला. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. मग आईचं त्यांच्याशी सगळं बोलणं ओरडूनच. 'चहा घ्या' हेसुद्धा ती असं म्हणे, की शेजारच्या घरात कुणीतरी 'नको' म्हणून मोकळं व्हावं. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण घरोघरी एकेक बहिरा लूमवाला होताच. आबांना तिचाच आवाज तेवढा ऐकू जाई. मला काही सांगायचं असलं की मी आईला सांगायची आणि ती त्यांना ओरडून सांगायची.

आबा माघात गेले आणि आई खचली. तिला काही झालंच नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिने जेवण टाकलं, आंघोळ टाकली, दिवसदिवस मागच्या दाराशी बसून राहायला लागली. डॉक्टरकडे न्यायलाच हवं होतं. माझा धाकटा भाऊ तिला घेऊन निघाला, तेव्हा मी शाळेतून रजा काढून सोबत गेले. मी शिक्षिका आहे. लग्न होऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते.

मनोरुग्णांचं खासगी हॉस्पिटल होतं. काचेची दारं, गार हवा, भिंतीवर हसऱ्या माणसांचे फोटो. डॉक्टर गुजराती. आईला येते ती अहिराणी आणि भाजीवाल्यापुरती हिंदी. मधे दुभाषी म्हणून भाऊ बसला. हा कापड मार्केटात मोठ्या दुकानात असतो, घरात पोरांशी गुजराती बोलतो, आणि अहिराणी म्हणजे त्याच्या लेखी घरातला फाटका टॉवेल, पाहुणे आले की आत टाकायचा.

डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. मग आवाज मऊ करून म्हणाले, "अंकल दिखते हैं? आते हैं?" भावाने ते आईला अहिराणीत विचारलं.

आईचा चेहरा उजळला. आबा गेल्यापासून त्यांच्याविषयी तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. जो तो 'आता विसर' एवढंच सांगत होता. ती सावरून बसली आणि तिच्या त्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "येतस ना. आखाजीले येतस. आगारी टाकी, हाक मारी का येतस. घास लेतस."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी मातीची नवी घागर पाण्याने भरतात, तिच्यावर आंबा आणि सांज्याची गोड सांजोरी ठेवतात. मग गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकायचा, तीच आगारी, आणि टाकताना त्या माणसाला हाक मारायची. गेल्यानंतरची पहिली आखाजी तर चुकवायचीच नाही. आई एवढंच सांगत होती. आमच्याकडचं शेंबडं पोरही हेच सांगेल.

भावाला हे सगळं पाठ होतं. पण डॉक्टरांना ते सांगायचं तर गोवरी सांगावी लागणार, चूल सांगावी लागणार, आपण कुठले ते सांगावं लागणार. त्या गार खोलीत, इस्त्रीच्या शर्टात, त्याला ते जिवावर आलं. त्याने आईची चार वाक्यं गिळली आणि डॉक्टरांना म्हणाला, "हा साहेब, आवे छे. खावानुं मागे छे." म्हणजे येतात, खायला मागतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गुजरातीत मधे पडले. म्हटलं, साहेब, तिला कुणी दिसत नाही. हा आमच्याकडचा विधी आहे. तुम्ही श्राद्धाला कावळ्याला कागवास घालता ना, तसाच.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हसले. "कागवास तो अमे पण नाखीए, बेन. पण अमे कागडा साथे वातो नथी करता." कावळ्याशी आम्ही गप्पा मारत नाही, म्हणे.

त्यांची मदतनीस फिस्सकन हसली. भाऊ हसला. आणि सगळे हसतायत हे पाहून, काही न कळता, माझी आईही हसली. किती तरी दिवसांनी हसली ती. मदतनीसने ते टाइप करून ठेवलं असणार, विनाकारण हसणे म्हणून.

"तमे तो टीचर छो ने?" डॉक्टर मला म्हणाले. त्यात राग नव्हता, कीव होती.

आईला दाखल करून घेतलं. डॉक्टर दुष्ट असते तर बरं झालं असतं. त्यांनी आईला हात धरून खुर्चीतून उठवलं, 'माजी' म्हणाले, पंख्याखालची खाट द्यायला सांगितली. असल्या गोड माणसाशी भांडायचं कसं? भांडणारी बाईच तिथे वेडी दिसते. मी तरी भांडले, आणि तशीच दिसले.

आखाजी तोंडावर आली होती. आईने घागर आधीच आणून ठेवली होती, बोटाने वाजवून, बद्द वाजणाऱ्या बाजूला सारून. मी डॉक्टरांना विनवलं, त्या सकाळपुरतं तिला घरी सोडा, दुपारी मी स्वतः आणून सोडते. ते म्हणाले, अशाने भ्रमाला खतपाणी मिळेल. भावाने मान डोलावली. वहिनी म्हणाली, "नको ना ताई, त्या ओरडतील, सोसायटीतले लोक काय म्हणतील?" डिंडोलीतली ती गल्ली सोडून भावाने नुकताच फ्लॅट घेतला होता, आणि त्या फ्लॅटच्या भिंतींना आईच्या आवाजाची सवय नव्हती.

"मग घागर तू तरी भर," मी भावाला म्हटलं. मुलगाच भरतो ती. लेकीच्या हातची घागर बापाला पोचत नाही, असं मानतात. मी मानत नाही. पण आई मानत होती, आणि हाक तिची होती.

"डॉक्टरने ना पाडी छे," भाऊ मला म्हणाला. सख्ख्या बहिणीला, अर्ध्या गुजरातीत.

आखाजीला मी डब्यात सांजोऱ्या घेऊन भेटीच्या वेळेला हॉस्पिटलात गेले. आईचे दोन्ही हात खाटेला बांधलेले होते, पट्टीच्या कापडाने. जीभ जड झाली होती. काय झालं ते वॉर्डातल्या आयाबाईने सांगितलं. सकाळी खिचडी आली, तेव्हा आईने तिच्याकडे निखारा मागितला. निखारा कुठून देणार? मग आईने खिडकीच्या कट्ट्यावर पहिला घास ठेवला आणि आबांना हाक मारली. जशी जन्मभर मारली तशी, लूमच्या आवाजावरून पलीकडे जाईल अशी. वॉर्ड दणाणला. आयाबाईने फडक्याने घास पुसून घेतला, तेव्हा आईने तिचा हात धरला. झालं. माणसं धावली, सुई टोचली, हात बांधले. रुग्ण हिंसक.

मी तिच्या उशाशी बसले. तिने डोळे किलकिले केले आणि विचारलं, "त्यासनी आयकं का?"

"आयकं, माय," मी म्हटलं. मला रडू आलं नाही. त्या हसऱ्या फोटोंवर डबा फेकून मारावासा वाटला. मारला नाही, कारण मग तिच्याजवळ बसायलाही मला कुणी येऊ दिलं नसतं.

ती घरी आली तेव्हा जेवत होती, झोपत होती. ते गोळ्यांनी झालं, आणि ते चांगलं झालं, हे मी नाकारत नाही. पण तिचा आवाज गेला. गेला म्हणजे घशाला काही नव्हतं. ती कुजबुजायला लागली. पाणी मागायचं तरी आधी दाराकडे बघायची. दर तपासणीला डॉक्टर विचारायचे, अंकल येतात का, आणि रिक्षात भाऊ तिच्याकडून उत्तर घोटून घ्यायचा. बरोबर आलं की दोघंही तिला शाबास म्हणत. आणि घागर? तिच्यात माती भरून वहिनीने गॅलरीत मोगरा लावला.

पुढच्या आखाजीला मी नवी घागर घेऊन भावाच्या घरी गेले. "कर काय करायचं ते," तो म्हणाला, "आता ती बरी आहे." मी घागर भरली, आंबा ठेवला, सांजोरी ठेवली. गॅसवर गोवरीचा तुकडा पेटवून तव्यात निखारा केला. आईला आणून समोर बसवलं. म्हटलं, "माय, हाक मार."

तिने निखाऱ्याकडे पाहिलंच नाही. भावाकडे पाहिलं. वर्गात पाठांतर म्हणायला उभं केलेलं पोर जसं पाहतं तसं. ती नजर मी रोज बघते. मग हळूच म्हणाली, "ते मरी ग्यात. मरेल माणूस येत नई. मी बरी व्हयनू, साहेब."

"शाबास!" भाऊ म्हणाला आणि त्याने मोबाइल काढला. "परत बोल माय, डॉक्टरले धाडाना शे." आनंदाच्या भरात तो चक्क अहिराणीत बोलला.

ती परत बोलली. त्याचं चित्रण होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली. मग तिने घागरीवरची सांजोरी उचलली, आबांच्या वाट्याची, आणि खायला लागली. एक कणही तिने निखाऱ्याकडे जाऊ दिला नाही. ताट स्वच्छ संपवायचं, हेही तिला तिथेच शिकवलं होतं.

सगळे उठून गेल्यावर मी तव्याजवळ बसले. दुसरी सांजोरी मोडून घास टाकला आणि आबांना हाक मारली. दोनदा मारली. पण माझा आवाज त्यांना कधीच ऐकू जात नसे.