शेवटानंतरच्या दोन बाजू

मुकुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी माजिवड्याच्या भाजीवाल्याकडे दुधीला नख लावून बघत होतो. फोन त्याच्या मुलीचा, प्राजक्ताचा. "काका, बाबा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि..." मी "येतो" म्हणालो, भाजीवाल्याने दुधी पिशवीत टाकून दिला, आणि ती पिशवी हातात घेऊन मी तसाच डोंबिवलीला गेलो. तो शुक्रवार होता. चाळीसेक वर्षांत मी त्या घरी शुक्रवारी कधी गेलो नव्हतो, माझा वार रविवार. दारात चपलांची गर्दी, हॉलमध्ये जमिनीवर तो, आणि दुधी घेऊन उभा असलेला मी. कुणीतरी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे जाईना. ते रेकॉर्ड प्लेअरवर ठेवलेल्या त्याच्या चष्म्याकडे जात राहिलं. त्या झाकणावर काहीही ठेवलेलं त्याला चालत नसे.

याला आता दीड महिना झाला. कालचा सोडला तर सहा रविवार गेले आणि सहाही रविवारी दहाच्या सुमाराला मी पायांत चपला घालून दाराशी उभा राहिलो. सूनबाई विचारते, "बाबा, कुठे निघालात?" मी म्हणतो, कुठे नाही, आणि चपला काढून ठेवतो.

मुकुंद आठल्ये आणि मी वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत बरोबर होतो. मी स्टोअरमध्ये, तो इन्स्पेक्शनला. हातात मायक्रोमीटर, कानाला पेन्सिल, आणि तोंडावर असा भाव की समोरचा प्रत्येक सुटा भाग खोटं बोलतोय. केसाच्या शतांश फरकाने त्याने क्रेटच्या क्रेट परत पाठवले आहेत. सुपरवायझर चिडला की म्हणायचा, "माझ्याशी नको, भोकाच्या मापाशी भांडा." आमच्याकडे एक गुलाबी चिठ्ठी असायची, तिला डेव्हिएशन म्हणत. एखादा भाग ड्रॉइंगच्या मापात नसेल पण त्यामुळे काम अडणार नसेल, तर इन्स्पेक्टरने त्या चिठ्ठीवर लिहून द्यायचं: "ड्रॉइंगप्रमाणे नाही. वापरण्यास हरकत नाही." खाली सही. मुकुंदाने नोकरीभरात अशा सह्या किती केल्या असतील? दोन हातांची बोटं पुरून उरतील. रिटायर होताना त्याने त्या चिठ्ठ्यांचं एक कोरं पॅड मागून घरी आणलं आणि त्याच्या पाठीमागे वाण्याच्या याद्या लिहायला लागला.

अशा माणसाला संगीताचं वेड लागलं ते एका जर्मन इंजिनिअरमुळे. मशीन बसवायला आलेला तो पाहुणा जाताना दोन रेकॉर्ड कँटीनला भेट देऊन गेला. कँटीनमध्ये त्या कुणाला हव्या होत्या? महिनाभर त्यांच्यावर बरण्या ठेवल्या गेल्या, मग मुकुंदाने त्या घरी नेल्या. दोन्हींवर एकच कंडक्टर होता, म्हणजे हातातल्या बारीक काठीच्या इशाऱ्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद चालवणारा. त्या कंडक्टरचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आम्ही आपसांत ते कधी घेतलंच नाही. मुकुंदा त्याला म्हातारा म्हणायचा, आणि सुमनवहिनी, त्याची बायको, काठीवाला म्हातारा. पुढे फोर्टच्या फुटपाथवरून, कुणा मोडत्या घरातून, जुन्या बाजारातून मुकुंदा म्हाताऱ्याला गोळा करत राहिला. नुसता वाद्यवृंद, गायकांबरोबरचा वाद्यवृंद, शेदोनशे माणसांच्या कोरसबरोबरचा. तीस वर्षांत अडीचशेच्या आसपास रेकॉर्ड झाल्या, सगळ्या याच एका माणसाच्या. कव्हरं ओळीने लावली की काळेभोर केस असलेला एक तिरसट तरुण पांढरा होत होत खरंच म्हातारा झालेला दिसायचा. हसलेला एकाही फोटोत नाही. "अरे, याला आपल्या इन्स्पेक्शनला घ्यायला हवा होता," मी म्हणायचो.

मला त्यातलं काय कळत होतं? मी भजनी मंडळातला माणूस. आमचे बुवा चिपळ्या घेऊन उभे राहिले की बस. पण मुकुंदाला ऐकायला एकट्याने बसवत नसे, आणि घरात दुसरं कुणी बसायला तयार नसे. म्हणून त्याने मला रविवारी पोह्यांना बोलावलं, ते कायमचं. नियम असे: रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही, पोहे आधी, चहा नंतर. रेकॉर्ड संपली, सुई उचलली, तबकडी फिरायची थांबली, की तो माझ्याकडे वळून विचारायचा, "काय?" मी एका शब्दात उत्तर द्यायचं. "कढी." "भोंगा." "वहिनींचा राग." तो मान हलवायचा, कधी पटल्यासारखी, कधी कीव केल्यासारखी. म्हातारा संचालन करताना मधूनच स्वतः गुणगुणायचा, आणि ते रेकॉर्डमध्ये बारीक ऐकू यायचं. ते आलं की मुकुंदा एक बोट वर करायचा. सगळी वाद्यं वाजत असताना मी त्या गुणगुणण्याची वाट बघायला शिकलो, एवढीच माझी कमाई.

आम्ही रिटायर झालो त्या सुमाराला त्याला एक खोका मिळाला. दोन रेकॉर्डचा संच, मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना, चार गायक आणि मोठा कोरस. बरोबरचं पुस्तक गहाळ होतं. रेकॉर्डच्या मधल्या लेबलांवर आधीच्या मालकाने कोरे कागद चिकटवून एकीवर १ आणि दुसरीवर २ लिहिलेलं. आम्ही एक लावली, उलटली, मग दोन लावली, उलटली. दुसरी बाजू संपताना कोरस हळूहळू विझत जायचा, एक खालचा सूर तेवढा उरायचा, आणि तोही जायचा. आम्हाला वाटलं, संपलं. पण अजून एक अख्खी रेकॉर्ड बाकी होती, आणि तिच्या अखेरीला सगळे गायक वर चढत चढत जाऊन एकदम तिथेच थांबायचे, जिना अर्धा सोडल्यासारखे.

बारा वर्षांपूर्वी सुमनवहिनी गेल्या. तेरावा झाल्यावरच्या रविवारी मी गेलो तर पोहे नव्हते, त्याने बिस्किटं ठेवली होती. त्याने तो खोका काढला. चारही बाजू ऐकून झाल्या, तबकडी थांबली, पण त्याने "काय?" विचारलं नाही. तबकडीकडे बघतच म्हणाला, "म्हाताऱ्याला कळलं होतं बघ. शेवट मधेच येऊन जातो. आणि मग दोन बाजू उरतात... त्या ऐकाव्याच लागतात. आणि त्या कुठे नीट संपतात?" त्यानंतर दर वर्षी वहिनींच्या तिथीच्या आसपासच्या रविवारी तोच खोका निघायचा. त्या संगीताने त्याला उभं ठेवलं असं मी म्हणतो, आणि यात काहीही वाढवून सांगत नाही.

गेल्या वर्षी माझ्या नातीने माझ्या फोनवर गाणी शोधायची सोय करून दिली. मी तिला म्हाताऱ्याचं नाव सांगितलं, त्या प्रार्थनेचं सांगितलं, आणि तेच रेकॉर्डिंग निघालं. तेच गायक, तेच गुणगुणणं. बाल्कनीत बसून मी ते ऐकायला लागलो. पहिला भाग ओळखीचा. पण त्यानंतर आमची तिसरी बाजू लागली. मग चौथी, आणि जिथे गायक अर्ध्या जिन्यावर थांबायचे तिथे ते थांबलेच नाहीत, पुढे आमची दुसरी बाजू सुरू झाली. तो विझत जाणारा कोरस सगळ्यात शेवटी आला, जिथे तो यायला हवा तिथे. मी दोनदा ऐकून खात्री केली. पंधरा-सोळा वर्षं आम्ही ते उलटसुलट ऐकत होतो. मायक्रॉनचा फरक पकडणाऱ्या माणसाच्या हातून अख्खी बाजू निसटली होती.

मी त्याला सांगितलं नाही. सांगणार काय? की बाबा रे, वहिनी गेल्यावर ज्याने तुला धीर दिला ती म्हाताऱ्याची शहाणीव नव्हती, कुणीतरी चिकटवलेले कागद होते? प्रत्येक रविवारी ठरवून जायचो आणि पोहे खाऊन परत यायचो.

अशातच डोंबिवलीतल्या एका वाचनालयाने त्याला म्हाताऱ्याच्या रेकॉर्डिंगवर बोलायला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, प्लेअर रिक्षातून मांडीवर घेऊन गेला. वीस-बावीस माणसं होती. तो सुंदर बोलला. शेवटी त्याने तो खोका काढला, सगळ्यांना सांगितलं की या माणसाने शेवट मध्यावर ठेवायचं धाडस केलंय, आणि पहिली रेकॉर्ड उलटून लावली. संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. पियानो शिकवायच्या, बोलायला फार मऊ. "सर, रागावू नका हं. ही चौथी बाजू आहे. तेव्हा रेकॉर्डची चळत लावायचे प्लेअर असायचे, एकीवर एक आपोआप पडायची. म्हणून एकीच्या पाठीवर चौथी छापायचे आणि दोनच्या पाठीवर तिसरी. आधी वरच्या दोन वाजायच्या, मग सगळी चळत उलटायची."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मुकुंदाने तबकडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण आश्चर्य नव्हतं, आणि इन्स्पेक्टरला तेवढं पुरलं.

रिक्षात त्याने विचारलं, "तुला माहिती होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दोनेक महिने."

"बरं," तो म्हणाला. घर येईपर्यंत त्याने प्लेअरवरचा हात काढला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी त्याचा फोन आला. पाठ धरलीय, उद्या नको. पुढच्या शनिवारी डोळ्यांत औषध घातलंय. असे चार रविवार गेले. पाचव्याला मी न विचारताच गेलो. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "पोहे नाहीत." मी म्हटलं, "खाऊन आलोय." खोटं होतं ते. त्याने खोका काढला आणि आम्ही ती प्रार्थना योग्य क्रमाने ऐकली. तो खालचा सूर विझला, तबकडी थांबली.

"काय?" मीच विचारलं.

"बरोबर आहे हे," तो म्हणाला. "नीट संपतं." मग खिडकीकडे बघत, "पण सुमन गेल्यावर मला जे ऐकायचं होतं, ते हे नव्हे रे." आणि थोड्या वेळाने, "तू सांगायला हवं होतंस. या खोलीत. आपण दोघंच असताना."

मी माफी मागितली नाही, आमच्यात ती पद्धत नव्हती. मी उठून कपबश्या विसळल्या. रविवार पुन्हा सुरू झाले, पोहे आले, "काय?" आलं. पण तो खोका परत निघाला नाही. यंदा वहिनींची तिथी आली तेव्हाही त्याने दुसरंच काहीतरी लावलं. मी कपाटाकडे बघत होतो हे त्याला दिसलं असणार. त्याने मला माफ केलं की नाही, हे मला कळलं नाही आणि विचारायचं धैर्य झालं नाही. मग तो शुक्रवार आला.

गेल्या आठवड्यात प्राजक्ताने बोलावलं. बिल्डिंग पाडून नवी होणार आहे, घर रिकामं करायचंय. मुंबईचा कुणी संग्राहक सगळा म्हातारा घेऊन जाणार. "काका, तुम्हाला हवं ते आधी काढून घ्या," ती म्हणाली. "मला यातलं काहीच कळत नाही, बाबांबरोबर मी कधी ऐकायला बसलेच नाही." मी म्हटलं, "मलाही कळत नाही गं." मी तो खोका घेतला आणि प्लेअर घेतला. रिक्षात प्लेअर मांडीवर घ्यावा लागतो हे मला माहीत होतं.

काल रविवार. घरातले सगळे आंबिवलीला लग्नाला गेले, मी गुडघ्याचं निमित्त सांगून राहिलो. टीपॉयवर प्लेअर मांडला, खोका उघडला. पहिल्या रेकॉर्डच्या पाकिटात गुलाबी कागद होता. पाठीमागे वाण्याची यादी नव्हती. पुढे, त्याच्या त्या बारीक सरळ अक्षरात, भागाच्या नावाच्या रकान्यात "क्रम १-४-२-३" आणि खाली: "ड्रॉइंगप्रमाणे नाही. वापरण्यास हरकत नाही." सही. तारखेची जागा मोकळी.

चिठ्ठी क्रमाबद्दल आहे की माझ्याबद्दल, ते मला कोण सांगणार? या दीड महिन्यात मी रडलो नव्हतो, काल रडलो. जगात म्हाताऱ्याला ऐकणारे पुष्कळ असतील, पण त्याला आमच्या क्रमाने ऐकणारे दोघंच होते, आणि आता मी एकटा आहे.

मग मी पहिली बाजू लावली. ती संपल्यावर रेकॉर्ड उलटली. म्हातारा एका जागी गुणगुणला, मी बोट वर केलं. कोरस विझत गेला, तो खालचा सूर उरला, तोही गेला. तबकडी थांबली. कुणी "काय?" विचारलं नाही. मी उठलो आणि दुसरी रेकॉर्ड काढली. अजून दोन बाजू होत्या.