सजवून आणू नको

“इंग्रजी शाळेतली आहे ना, मराठीत प्रार्थना करायची लाज वाटते तिला,” सोफ्याच्या टोकाकडून कुणीतरी कुजबुजलं.

बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. गोलात बसून एकेकाने आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. माझी पाळी आली की मी शेजारच्याचा हात हलकेच दाबायचे, म्हणजे पुढे चला. त्या दिवशी शेजारी सुमनमावशी होत्या. त्यांनी सोफ्याकडे मान वळवली. “तोंड तिचं, देव तिचा. तुले काहून घाई झाली वं?” आणि लगेच, त्याच सुरात, त्या देवाशी बोलायला लागल्या.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीतल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. निवृत्तीनंतर मुलाकडे, सुधीरदादाकडे, नागपुरात आल्या. आवाज जाड, जरासा घोगरा. पेटीवाला येवो न येवो, गीत त्याच उचलायच्या आणि खोली भरून जायची. प्रार्थना मात्र उघड्या डोळ्यांनी. मी एकदा चोरून पाहिलं, तर त्या माझ्याकडेच पाहत होत्या. नंतर म्हणाल्या, “डोळे मिटले का मले गॅसवरचं दूधच दिसते. मंग काहून मिटू?”

दिखाऊ भक्ती त्यांना सोसायची नाही. एक काका विशेषणांची माळ लावत होते, ‘हे सर्वसमर्थ, परमदयाळू, सर्वज्ञानी पित्या’. मावशी मध्येच म्हणाल्या, “देवाले मस्का काहून लावून राहिला गा? घरी बायकोशी अबोला आहे ना तुझा? ते सांग त्याले.” काका पुढे कित्येक आठवडे फिरकले नाहीत.

मला मावशींची धास्तीच वाटायची. एकदा चहाच्या कपबशा विसळताना त्यांनी मला गाठलंच.

“काहून बोलत नाही वं?”

“मला नीट जमत नाही, मावशी.”

“नीट कोणाले पाहिजे? आरशात दिसते ते तू नोहे. ते तर कापड होय, आज आहे, उद्या फाटन. आतमधी जे भ्यून बसलं आहे ना, ते तू. देवाचा श्वास त्यात आहे. उपासनेत त्याले घेऊन ये. सजवून आणू नको.”

मी मान डोलावली आणि पुढच्या बुधवारी पुन्हा शेजारच्याचा हात दाबला.

उन्हाळ्यात गीत उचलताना त्यांचा आवाज फाटला. खोकल्याची औषधं झाली, काढे झाले. शेवटी धंतोलीतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: स्वरयंत्रात कॅन्सर आहे, ते काढावं लागेल. आवाज कायमचा जाईल. उशीर केला तर जीव जाईल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भेटीच्या वेळेत, आम्ही दवाखान्यात गेलो. सुधीरदादाने बाहेरून एक प्रचारक बोलावले होते. पलंगाशी उभे राहून ते मोठ्याने म्हणत होते, “बोला ताई, मी बरी झाले! विश्वासाने बोला, सुरीची गरजच नाही!” आमच्यातल्या काहींनी “हालेलूया” म्हटलं. शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली.

मावशींनी पाणी गिळायचा प्रयत्न केला. गिळताना चेहरा आवळला गेला. मग त्या घोगऱ्या, विझत्या आवाजात म्हणाल्या, “मी बरी नाही झाली. खोटं बोलून कायची उपासना?”

“आई, तुझाच विश्वास कमी पडून राहिला,” सुधीरदादा म्हणाला. “आवाज गेल्यावर तू राहशील का तू? चल, मी डिस्चार्ज घेतो. घरी जाऊ.”

“मी काय आवाज आहे का रे?” त्या म्हणाल्या. “भेव तर लागते, बापा. आज माझ्याच्यानं प्रार्थना नाही होत. कोणीतरी करा. पण खरी करा.”

प्रचारकांनी पुन्हा सुरुवात केली. मावशींनी हात वर करून त्यांना थांबवलं. सुधीरदादा पलंगाखालची पिशवी ओढून तिच्यात आईचे कपडे भरायला लागला. मावशी छताकडे पाहत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मनात नेहमीप्रमाणे एक घोटीव इंग्रजी वाक्य तयार झालं, ते मी सोडून दिलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“देवा, मावशींना भीती वाटते. दादालाही वाटते. मलासुद्धा. त्यांचा आवाज जाणार आहे, आणि तो जायला आम्हाला नको आहे. मला तुझा राग आलाय. पण आम्हाला मावशी हव्या आहेत, गाणाऱ्या नसल्या तरी. उद्या ऑपरेशन होऊ दे. दादाला ती पिशवी खाली ठेवू दे. आमेन.”