माल्टाची तारीख आणि आमचा नळ

सोलापूरहून माल्टाला जायचं ठरलं तेव्हा व्हिसा, विमान, परकी भाषा यांची मला काडीचीही काळजी वाटली नाही. घोडं अडलं ते नळापाशी. आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं, आणि निघायचा दिवस नेमका पाण्याचाच आला.

"तारीख बदलू या का?" ह्यांनी विचारलं.

"विचारताय काय? बदला!"

प्रवास एक दिवस पुढं गेला. टाक्या भरूनच निघायचं, आणि परत येऊ तोही दिवस पाण्याचाच असला पाहिजे, म्हणून मी कॅलेंडरवर गोल काढत बसले. माल्टाच्या बेटावर काय बघायचं हे मात्र दोघांनीही ठरवलं नव्हतं.

मग हॉटेलचा फॉर्म आला. 'काही विशेष विनंती?' या चौकटीत ह्यांनी सरळ लिहिलं, 'तुमच्याकडं पाणी किती वाजता येतं?' मी कपाळावर हात मारला. परदेशात असलं कुणी विचारतं का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पाणी चोवीस तास असतं, पण बेटावर गोड्या पाण्याची टंचाई आहे, कृपया जपून वापरा.

हे खुर्चीत ऐसपैस टेकले. "बघ, आपलीच माणसं निघाली की!"

मी उठले आणि आंघोळीचा तांब्या बॅगेत टाकला.