मार बसण्याआधी पडणारा माणूस

एका सिनेमावरून मी आजही कोणाशीही भांडायला तयार असते, समोरचा कितीही शिकलेला असो. ऐंशी सालच्या आसपास तो नागपुरात लागला. मारामारीच्या सिनेमांतला एक नावाजलेला नायक त्यात स्वतःचीच टिंगल करत होता. त्याने नुसता हात उगारला की चार गुंड कोसळायचे, मग तो आपल्या मुठीकडे चकित होऊन बघायचा. सीताबर्डीच्या थेटरात पहिल्या आठवड्यात अर्धे लोक शिट्ट्या मारत होते आणि अर्धे शिव्या घालत होते. आमच्या हिरोला जोकर केलं म्हणून चिडून पोरांनी पोस्टर फाडलं. आणि पेपरात सिनेमावर लिहिणाऱ्या गृहस्थांनी नाकाने कांदे सोलत लिहिलं की या चित्रपटात इतका गलथानपणा आहे की गुंड मार बसण्याआधीच पडतात.

त्या गुंडांपैकी एक माझे बाबा होते.

बाबा मूळचे पहिलवान. गांधीबागेच्या मागच्या बाजूला एक जुना आखाडा होता, तिथे त्यांनी नऊ वर्षं कुस्ती केली. त्या नऊ वर्षांत त्यांची पाठ एकदाही मातीला लागली नव्हती. कुस्तीत पाठ लागली की माणूस चीत, संपला, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत होतं. पुढे लग्न झालं, मी झाले, आणि कोणाच्या तरी ओळखीने बाबा मुंबईला सिनेमात मारामारीच्या कामाला गेले. सात वर्षं त्यांनी नायकांचा मार खाल्ला. पायऱ्यांवरून गडगडले, काचेतून बाहेर फेकले गेले. खांदा निखळला तेव्हा परत आले आणि गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात कामाला लागले.

बाबा नागपुरात असताना त्यांचा एखादा सिनेमा लागला की आमची अख्खी गल्ली बघायला जायची. "तो पाहा, निळा शर्ट, जिन्यावर," असं बाबा अंधारात सांगायचे, आणि आम्ही बघेपर्यंत निळा शर्ट खाली पडलेला असायचा. सात वर्षांत त्यांचा चेहरा कोणाला दिसला म्हणून नाही. त्यामुळे आखाड्यातही कोणाची हरकत नव्हती. आपला गडी सिनेमात लढतो, एवढंच तिथे सगळ्यांना माहीत होतं. बाबांनीही ते कधी दुरुस्त केलं नाही. उलट आखाडा चालवणाऱ्या उस्तादांनी त्यांना मान दिला होता. नागपंचमीला आखाड्याची माती उकरून, तिच्यात तेल, ताक, हळद घालून नवी करायचे आणि मग पहिली कुस्ती लागायची. त्या कुस्तीचा पंच असा माणूस असायचा ज्याची या मातीत कधी पाठ लागलेली नाही. परत आल्यापासून तो मान बाबांकडे होता. वर्षभर दुकानात कापडाची थानं उचलणारा माणूस त्या दिवशी फेटा बांधून मातीत उभा राहायचा आणि चार-पाचशे लोक त्याच्या हाताच्या इशाऱ्याची वाट बघायचे. घरात वर्षाचे दोनच भाग होते, नागपंचमीच्या आधीचा आणि नंतरचा.

मुंबई सोडण्याआधी बाबांनी शेवटी केलेला हा सिनेमा दोन-तीन वर्षं रखडून लागला होता. त्यात मात्र बाबांचा चेहरा दिसला, आणि चांगला दीड मिनिट दिसला. नायक ठोसा मारायला हात मागे नेतो आणि तेवढ्यातच बाबा धाडकन पाठीवर पडतात. नायक म्हणतो, अरे, अजून मारलं कुठे? बाबा उठतात, कपडे झटकतात, हात जोडून माफी मागतात आणि परत जागेवर उभे राहतात. नायक पुन्हा हात मागे नेतो, बाबा पुन्हा पडतात. असं चार वेळा. पाचव्या वेळी खरा ठोसा बसतो आणि बाबा पडतच नाहीत. शांतपणे विचारतात, आता पडू का?

आई आणि मी लेडीजमध्ये बसलो होतो. आई इतकी हसली की तिने पदर तोंडात कोंबला. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने तिला विचारलं, "तुमच्या वळखीचा हाय का वं तो?" आई म्हणाली, "नवरा हाय माहा." असा रुबाब मी आईच्या तोंडावर त्याआधी पाहिला नव्हता.

रुबाब चार दिवस टिकला. गल्लीतले लोक बाबांना बघून लांबूनच भिंतीला टेकायचे आणि कोसळल्याचं सोंग करायचे. ते मला चाललं असतं, बाबांनाही चालत होतं. ते उलट थांबून सांगायचे, "असं नाही गा, मान आत घे, नाहीतर डोकं फुटन." पण पुढच्या रविवारी पेपरातलं ते लिखाण आलं आणि आखाड्यात कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवलं. उस्तादांनी आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता. त्यांना एवढंच कळलं की ज्याला आपण पंच करतो तो माणूस कोणाचा हात न लागता चार वेळा चीत झाला आणि वर हात जोडले. त्यांनी निरोप पाठवला की यंदा पंच दुसरा पाहतो.

मला राग आला तो असा की मी पेपरातल्या त्या गृहस्थांना पोस्टकार्ड लिहिलं. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि मला वाटायचं की नीट लिहिलं की माणसं ऐकतात. गुंड लवकर पडतात हा गलथानपणा नाही, तोच विनोद आहे, आणि चुकीच्या वेळी पडायला बरोबर वेळ माहीत असावी लागते, असं मी लिहिलं. उत्तर आलं नाही. आजही त्या गृहस्थांसारखं बोलणारी माणसं भेटतात. हसू आलं की यांना वाटतं आपल्या हातून काहीतरी चूक झाली.

बाबांनी पोस्टकार्ड वगैरे काही केलं नाही. दोन दिवस ते नेहमीसारखे दुकानात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटीतला लंगोट काढून बांधला, वर धोतर नेसलं आणि ते आखाड्याकडे निघाले. मी मागोमाग गेले. बायकांना आत जायची बंदी होती, म्हणून मी दाराच्या चौकटीत उभी राहिले. एकाने मला हटकलं. मी म्हटलं, मी दारात आहे, दार आखाड्यात मोडत नाही. बाबांनी मागे वळून पाहिलं, पण जा म्हणाले नाहीत.

उस्ताद पाटावर बसले होते, खांद्यावर दुपट्टा. सत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ. बाबांनी पाया पडून विचारलं, "उस्ताद, काहून नाही म्हणता मले?"

"तू पडला गा," उस्ताद म्हणाले. "कोणी हात नाही लावला अन् तू पडला."

"हो. पडलो. सोपं वाटते का तुमाले ते?"

मग बाबांनी आखाड्यातल्या सगळ्यात दांडग्या पहिलवानाला बोलावलं. त्या साली विदर्भात त्याला तोड नव्हती, मान माझ्या मांडीएवढी. बाबा म्हणाले, "पड. तुले कोणी हात नाही लावत. फक्त पाठीवर पड, सरळ."

तो हसला आणि मागे गेला. पण जमिनीपासून वीतभर अंतरावर त्याचं अंग आपोआप फिरलं आणि तो गुडघ्यावर आणि पंजावर आला. सगळे हसले. त्याने परत केलं, परत अंग फिरलं. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटून घेतले, दात आवळले, तरी शेवटी कूसच लागली. इतकी वर्षं जे अंग पाठ लावायची नाही एवढंच शिकलं होतं, ते आता ऐकेना. तो उठला तेव्हा हसत नव्हता.

"मलेही नव्हतं येत," बाबा म्हणाले. "सहा महिने लागले. रोज आपल्याच अंगासोबत कुस्ती केली मी, उस्ताद." आणि त्यांनी सदरा काढला, मातीत उतरले, उभे राहिले, कोणीतरी मारणार आहे असं बघितलं आणि पडले. धाड असा आवाज झाला, माती उडाली. मग ते उठले, माती झटकली, हात जोडून समोरच्या हवेची माफी मागितली आणि परत पडले.

आखाडा हसायला लागला. आधी दोघं-तिघं, मग सगळेच, तो दांडगा पहिलवानसुद्धा. उस्तादांनी दुपट्टा तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते आणि ते मला दारातून स्पष्ट दिसत होतं.

हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "ठीक हाय. मी तुले पंच करतो. फक्त नागपंचमीच्या दिवशी सगळ्यायसमोर एक सांग, तुले फसवलं म्हणून. सीन हसवाचा हाय हे तुले माहीत नव्हतं, मुंबईवाल्यायनं तुह्या भोळेपणाचा फायदा घेतला. एवढं म्हण, गोष्ट मिटली."

मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. एका वाक्याचा प्रश्न होता आणि ते वाक्य खोटं आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. असं वाक्य म्हणून माणसं रोज आपली कामं करून घेतात.

बाबा मातीतच उभे होते, पाठ लाल झालेली. ते म्हणाले, "मले माहीत होतं उस्ताद. दोनदा पडाचं ठरलं होतं. चार वेळा पडू, असं मीच म्हणलो."

त्यांनी आखाड्यातल्या मारुतीला नमस्कार केला, उस्तादांच्या पुन्हा पाया पडले, सदरा खांद्यावर टाकला आणि बाहेर आले. वाटेत मी भांडले त्यांच्याशी. कोणाचं काय बिघडलं असतं, असं विचारलं. गांधीबागेत दुकानं उघडत होती, ओळखीचे लोक त्यांच्या उघड्या पाठीकडे बघत होते. पाठीवर माती घेऊन भर बाजारातून पहिलवान जात नसतो. मी म्हटलं, निदान सदरा तरी घाला. त्यांनी घातला नाही.

"सात वर्षं लोकायनं माही पाठ पाहिली," ते म्हणाले. "एकाच सिनेमात तोंड दिसलं. थे माहं नाही, असं मी आपल्याच तोंडानं म्हणू?"

नागपंचमीला आखाड्याचे ढोल आमच्या घरापर्यंत ऐकू येत होते. आईने पुरणाची दिंडं वाढली. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, चला, आणि आम्हाला तीनच्या खेळाला घेऊन गेले. तिसरा आठवडा होता, थेटर निम्मं रिकामं. यावेळी आम्ही तिघं एका ओळीत बसलो. सिनेमा तासभर झाला असेल, तेव्हा मागच्या रांगेतला एक माणूस मोठ्याने म्हणाला, काय बकवास लावलाय, आणि जायला उठला.

बाबा खुर्चीत पूर्ण मागे वळले.

"दोन मिनिटं बस गा भाऊ," ते म्हणाले. "आता मी येतो."