फुलाफुलांची चादर

मशीनच्या तेलाचा वास आला की मला कतारमधल्या, दोह्यातल्या मदिनत खलीफा वस्तीतल्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. नवऱ्याचे रास लफानच्या गॅस प्रकल्पातले साहेब बायकोसह जेवायला आले होते आणि नवऱ्याने माझी शिलाई मशीन फुलाफुलांच्या चादरीखाली दडवली होती. आपली बायको लोकांचे कपडे शिवते हे त्यांना दिसायला नको! मी पुलाव वाढणार तेवढ्यात बेल वाजली. दारात माझी कतारी गिऱ्हाईक, हाताशी तिची रडवेली मुलगी. दुसऱ्या दिवशी रमजानमधला मुलांचा सण, आणि मी शिवलेला जरीचा झगा तिला काखेत काचत होता. “उद्या ये म्हणावं,” नवरा मराठीत पुटपुटला. “सण उद्याच आहे, तो काय परवा करेल ती?” मी म्हटलं, सगळ्यांदेखत चादर ओढली आणि मशीनवर बसले. साहेबांना हिंदीत सांगितलं, “जेवण टेबलावर आहे, यल्ला, चला, वाढून घ्या!” पोरगी झगा घालून गिरक्या घेतच गेली. दुसऱ्याच दिवशी मी ती चादर कापून तिचे नव्या मापांचे नमुने बेतले. आज त्याच खोलीत माझ्या चार मशिनी आहेत. झाका म्हणावं आता.